हळूहळू काहून?

त्या वर्षी घमापुरात ऊन लवकर तापलं होतं. सुट्टीचा दिवस होता. डोमाजी सायकल पुसत होता, चंपाबाई ओसरीत तांदूळ निवडत होती आणि तेरा वर्षांची धाकटी लेक इंदिरा सातवीचा धडा मोठ्यानं वाचत होती. तेवढ्यात शहपुऱ्याहून पार्वताबाई आली. थोरल्या लेकीची, कुंदाची ती सासू. तिच्या कडेवर कुंदाचं पोर.

कुंदाचं लग्नही तेराव्या वर्षीच झालं होतं. पंधराव्या वर्षी बाळंतपणात ती गेली. "इंदिराच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही," म्हणून डोमाजी तेव्हा ऊर बडवून रडला होता.

पार्वताबाईनं पोर चंपाबाईच्या मांडीवर दिलं, पाणी प्याली. "इहीणबाई, लेकराले माय पायजे. मावशीवानी माय कुठं भेटते? इंदिरा देऊन टाका तुमच्या जावयाले, आमच्या मुरलीधरले."

धड्याचा आवाज थांबला. चंपाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं.

"रीत आहे आपली," डोमाजी मान खाली घालून म्हणाला. "एकदम नाही बदलत. हळूहळू होईल. पुढं नातीले शिकवू."

चंपाबाईनं तांदळाचं सूप बाजूला सारलं. "नागपूरहून दीक्षा घेऊन आले, तवा काय केलं तुमी? पायातल्या चपलाही नाही काढल्या. देव गाठोड्यात बांधले अन् ग्वारीघाटावर नेऊन नर्मदेत सोडले. बापजाद्याचे देव एका दिवसात गेले, मग पोरीच्या वेळीच हळूहळू काहून?"

"अच्छा! म्हणजे पोरगी नाही देत?" पार्वताबाई ताडकन उठली. "चलो, मग या नातवालेबी विसरा. याचं तोंड नाही दिसणार तुमाले."

मांडीवरच्या पोरानं चंपाबाईचा पदर घट्ट धरला होता. तिनं त्याचं एकेक बोट सोडवलं. त्याला पार्वताबाईच्या कडेवर दिलं.

"न्या," ती म्हणाली. "लेक नाही देत."

पोराचं रडणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिलं. इंदिरा दाराआड भिंतीला चिकटून उभी होती.

डोमाजी उंबऱ्यावर येऊन बसला. तो म्हणाला, "इतकं बोलता येते तुले, चंपा. मग कुंदाच्या वेळी काहून नाही बोलली?"

चंपाबाई रिकाम्या मांडीकडे पाहत राहिली.

"तुमी बोलाल म्हणून वाट पाहून राहिली होती मी."