उभा पाटा

हे सांगून कुणाचाही विश्वास बसायचा नाही, पण तीन शब्दांनी भिवंडी अशी हसली की त्या हसण्यापुढे लूमचा खडखडाट ऐकू येईना, आणि अंबाडी नाक्यावर एसटीचा कंडक्टर बेल मारायला विसरला. "काय न्हाय वाटलं." एवढेच ते शब्द.

टेमघरचा आल्हाद मात्र ते कानावर पडले की ताटावरून उठायचा.

आल्हाद नट. मित्र मिहिरच्या सिनेमात तो धनंजय धडाकेकर झाला होता: खोट्या वाहिनीचा खोटा बातमीदार. आग लागो, पूर येवो, हा माणसाच्या तोंडाशी माइक नेऊन एकच विचारणार, "आपल्याला काय वाटतं?" टर उडवायची होती ती वाहिन्यांची. पण समोर बोलणारी माणसं खरी होती, आणि हे नाटक आहे असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

अंबाडीच्या पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावर सरू त्यांना अशीच भेटली. तिच्या नवऱ्याला साप चावला होता. रस्ता नाही, म्हणून झोळीत घालून नेला, तो वाटेतच गेला. सरू ओटीवर बसली होती. मागे भिंतीला दगडी पाटा उभा टेकवलेला. धडाकेकरने माइक पुढे केला. "बाई, आज आपल्याला काय वाटतं?"

सरूने वळून पाट्याकडे पाहिलं.

"काय न्हाय वाटलं," ती म्हणाली. "मयत झालंय ना घरात. सुतकाचं दिस होईस्तो पाटा उभा. मिरचीबी वाटाया न्हाय चालत."

तिला वाटलं, हा पाट्यावर वाटण्याचंच विचारतोय. पाहुणा दारात आणि घरात कालवण नाही, म्हणून ती बिचारी शरमलीही होती.

पुढचं मिहिरने कापलं. "तीनच शब्द ठेवू. थेटर कोसळेल बघ." तेव्हा आल्हादही हसला होता, अगदी पोट धरून.

थेटर कोसळलं. मग तो तुकडा मोबाइलमधून फिरत फिरत पाड्यावर पोचला. सरूचा दीर काळूराम तिच्या हातचं पाणी घेईना.

"भाऊ गेला नि हिला काय न्हाय वाटलं!"

"म्या पुढं बोलले व्हते, भाऊजी."

"मंग त्यात कसं न्हाय? मोबाइल खोटं बोलंल व्हय?"

ओरड वाढली. सिनेमा बंद करा म्हणून भिवंडीत सभा भरली. पाड्यावरची माणसं टेम्पोत बसून आली. सरू एका टोकाला बसली, काळूराम दुसऱ्या. मिहिर आल्हादच्या कानाशी लागला. "खरं सांगितलंस तर सिनेमा गेला. तिला आधीच सगळं माहीत होतं म्हण. आपण सुटतो, तीही सुटते."

आल्हादला ते पटलं. तिचं भलंच होतंय की, असं मनाशी म्हणत तो उभा राहिला. सुरुवात स्वतःच्याच आवाजात केली, पण दुसऱ्या वाक्याला धडाकेकर कधी अंगात शिरला ते त्यालाही कळलं नाही.

"मंडळी, सरूबाईंना सगळं आधीच सांगितलं होतं! ते शब्द आम्ही लिहून दिले. लुगडं आम्ही दिलं. अहो, मागचा तो पाटासुद्धा आम्हीच टेकवला, भिंत भकास दिसत होती म्हणून!"

सरूने मान खाली घातली.

"खोटं!" काळूराम उठला होता. "पाटा म्या उभा केलाय. भावाची तिरडी उचलली तवा. या हातांनी."

आणि बोलता बोलता तो अडला. हात तसाच वर राहिला. मग तो हळूच सरूकडे वळला.

"वयनी... तू मिरची वाटायचं सांगत व्हतीस?"