लाल दिवा विझेपर्यंत

नीळकंठराव देवपुजारी आयुष्यभर कारखान्यात क्लार्क होते आणि अधूनमधून, बहुतेक शुक्रवारी, मरत असत.

मरण्याचं ठिकाण भोपाळचं रेडिओ केंद्र. त्यांच्या हिंदीला नागपूरचा वास होता. राजाचं काम दिलं तरी राजा तहसील कचेरीतून बोलतोय असं वाटे. पण एका नाटकात त्यांना बाण लागला आणि ते असे काही कण्हले, की काचेपलीकडचा इंजिनिअर डॉक्टर बोलावू का म्हणून खुणा करू लागला. तेव्हापासून त्यांना संवाद कमी आणि मरण जास्त मिळालं. शिपाई, सावकार, नबाब, वाघाने खाल्लेला वनरक्षक. नट कमी पडले तर एकाच नाटकात दोनदा. रजेच्या अर्जात ते सरळ लिहीत, 'स्वतःच्या मृत्यूकरिता अर्धा दिवस.' साहेब सही करून म्हणत, "सोमवारी या मात्र."

कारखान्याच्या टाउनशिपमधल्या घरांच्या भिंती पातळ. घरी तालीम सुरू झाली की शेजारच्या सक्सेनाबाई ओरडत, "लीलाभाभी, भाईसाब गए क्या?"

"अभी कहाँ! अभी भाषण बाकी है," लीलावतीबाई पोळी उलटत सांगत. मग नवऱ्याला, "अहो, लांबवू नका. मरणारा माणूस एवढं बोलतो का?"

निवृत्ती जवळ आली आणि लीलावतीबाईच आजारी पडल्या. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

एका दुपारी त्यांनी विचारलं, "अहो, तुम्ही इतक्यांदा गेलात. भीती वाटते का हो?"

नीळकंठरावांना कुठल्याही आवाजात खोटं बोलता आलं असतं. त्यांनी खरं तेवढंच सांगितलं. "मरताना काही नाही गं. श्वास सोडायचा आणि मान माइकपासून वळवायची. त्रास नंतर."

"नंतर काय?"

"नंतर जाता येत नाही. स्टुडिओचं दार कुरकुरतं. मेलेल्याने चपला हातात घेऊन कोपऱ्यात उभं राहायचं, प्रसारणाचा लाल दिवा विझेपर्यंत. बाकीचे आपल्याबद्दल काय बोलतात ते ऐकायचं."

"रडतात?"

"एक पानभर. मग इस्टेटीचं निघतं."

लीलावतीबाई हसल्या, मग खोकल्या. "म्हणजे लगेच एकटं नाही पडत."

"छे! चांगली गर्दी असते."

"मग मी थांबते कोपऱ्यात. दिव्याचं तुम्ही बघा."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. मान वळवून, अजिबात न लांबवता.

देवघरात लाल झिरोचा बल्ब होता. नीळकंठरावांनी तो विझू दिला नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे तोंड करून ते रोज बातम्या देत. सक्सेनाबाई फार रडल्या, मग तुझी मोठी कढई घेऊन गेल्या. आमटी खारट झाली. कुणी मोठ्याने बोललं की ते ओठांवर बोट ठेवत. बाहेरचं दार जुनं, कुरकुरणारं. ते उचलून उघडत, आवाज होऊ नये म्हणून.

भोपाळमधल्याच बाग सेवनियाहून त्यांची मुलगी वैजयंती येई. "बाबा, कुणाशी बोलताय?"

"हळू. प्रसारण चालू आहे."

वैजयंती न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून रडली. नळाचा आवाज जरा जास्त झाला, असं नीळकंठरावांना वाटलं.

मग निवृत्ती आली. निवृत्त माणसाला क्वार्टर सोडावं लागतं. त्यांनी मुदतवाढ मागितली, मिळाली, तीही संपली. सामान टेम्पोत चढलं. मेन स्विच बंद करायला कारखान्याचा वायरमन येऊन बसला. बल्ब तेवढा जळत होता.

"विझवला की ती जाणार," नीळकंठराव म्हणाले.

वैजयंती कोपऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बल्ब घेऊन चला ना बाबा. आमच्याकडे लावू. आई तिथे थांबेल."

ही सोय त्यांच्या डोक्यात आलीच नव्हती. त्यांनी बल्बला हात घातला. गरम होता. तेवढ्यात त्यांना स्टुडिओचा कोपरा आठवला. अर्ध्या तासात पायांना मुंग्या यायच्या, पोटऱ्या दगड व्हायच्या, आणि ते तेव्हा तरुण होते.

"नको," ते म्हणाले. "कधीची उभी आहे ती. गुडघे दुखतात तिचे."

वायरमन उठू लागला, त्याला त्यांनी थांबवलं. देवघराचं बटण स्वतः बंद केलं. मग बाहेरचं दार न उचलता, सरळ ओढलं. ते मनसोक्त कुरकुरलं. नीळकंठराव दाराच्या बाजूला झाले, वाट मोकळी करून.

इतकी नाटकं केलेली. घशाशी निरोपाची भाषणं दाटून आली, एकाहून एक लांब. त्यांनी ती सगळी गिळली.

"बरं," ते म्हणाले. "ये."