दिसताय हो

...खिडकीवर ठोकलेल्या काळ्या फळीतलं ते भोक, हरभऱ्याच्या डाळीएवढं. त्यातून आत आलेला रस्ता समोरच्या भिंतीवर उलटा लटकलेला — वर बर्फ, खाली आभाळ, आणि मधे कुठेच त्र्यंबक नाही. नवरा गेल्यापासून पद्मजा रोज सकाळी चहा घेऊन या काळोखात बसायची, आणि रोज तिला वाटायचं, आज दिसेल. वेडेपणाच, तिलाही कळत होतं.

परदेशात, ॲन आर्बरच्या विद्यापीठात तो विज्ञानाचा इतिहास शिकवायचा. हजारएक वर्षांपूर्वी कैरोत इब्न अल-हैथमने सांगितलं, की डोळ्यातून किरण निघत नाहीत, उजेड वस्तूकडून आपल्याकडे येतो. त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, युरोपातले पंडित तो शतकानुशतकं वाचत राहिले, आणि माणसाचं नाव मात्र अल्हाझेन करून टाकलं... हे सांगताना त्र्यंबकचा आवाज चढायचा. डिपार्टमेंट त्याला ‘टिम’ म्हणायचं, तेव्हा मात्र हसून ओ द्यायचा.

बारीक भोकातून आलेला उजेड बाहेरचं चित्र भिंतीवर उलटं उमटवतो, हे विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून त्याने ही खोली काळी केली. हिवाळ्यात ऊन पडलं की स्वतः बाहेर टपालपेटीपाशी जाऊन दोन्ही हात वर करायचा, आणि आतून तिने ओरडायचं — दिसताय हो. ती ओरडेपर्यंत हात खाली येत नसत, मग बर्फात कितीही गारठो.

सीमा काल तिच्या नेपरव्हिलच्या घरून आली होती, आईला कायमचं घेऊन जायला. घर विकायचं तर लोकांना असली खोली कशी दाखवणार. आज दुपारी फळी काढायची ठरली होती. मुलीचं काही चुकत नव्हतं. पण फळी निघाली की खोलीभर उजेड, आणि त्या उजेडात या भिंतीवर पुन्हा काहीच उमटणार नाही.

भिंतीवरून पोस्टमन गेला, डोकं खाली, पाय वरच्या बर्फाला चिकटलेले. ती पुढे वाकली... नाही, पोस्टमनच.

ती उठली. घरातल्या सपातांवरच बाहेर आली, पेटीपाशी उभी राहिली, आणि हात आपोआप वर गेले.

“आई, इट्स फ्रीझिंग,” सीमा दारातून म्हणाली. “कोणाला वेव्ह करतेयस?”

पद्मजाने फळीतल्या त्या भोकाकडे पाहिलं. आत्ता आत, काळोखात, आपण भिंतीवर उलट्या लटकलो असू... बघायला खोलीत कुणी नाही. की आहे? आजवर आपण त्याला शोधत बसलो, आणि तो इतके दिवस तिथेच, आपल्या शेजारी बसून, आपली वाट बघत असला तर? दंड भरून आले होते. आतून कुणी ‘दिसतेस गं’ म्हणेपर्यंत ते खाली कसे आणायचे, तिला उमजेना.