धारवाडीची टिंबं

ऋतिकची वडापची जीप घोडेगाव ते धारवाडी एवढीच धावायची. डोंगरातली माणसं सकाळी खाली आणायची, संध्याकाळी वर सोडायची. पण यंदा उन्हाळ्यात तो एका लग्नाचं वऱ्हाड घेऊन कोकणात, खाडीकाठच्या एका गावी गेला आणि परत आला तो डोक्यात भलतंच काही घेऊन.

झालं होतं असं. लग्न लागायला अवकाश होता, म्हणून तो सावली बघून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर टेकला. आत भिंतीवर मोठा टीव्ही, आणि टीव्हीवर ते अख्खं गाव! आभाळातून बघावं तसं. उधाणाचं पाणी कुठवर चढतं ते निळ्या रंगात, वादळात धोक्यात येणारी घरं लाल टिंबांत. टिंबावर बोट ठेवलं की आतली माहिती उघडायची. इथं म्हातारी अंथरुणाला खिळलेली, इथं बाळंतीण, हिला उचलायला अमुक दोघं जाणार. ऋतिक बघतच राहिला.

सरपंच उज्ज्वलाताई तिथंच बसल्या होत्या.

"ताई, हे कुणी करून दिलं तुमाला?"

"साधन इंटरनेटवर आहे, कुणालाही खुलं. पावसाचे आकडे, जमिनीचा उतार ते स्वतःच दाखवतं. घरोघरची माहिती तेवढी आम्ही भरली. तुमचं गाव कुठल्या किनाऱ्याला?"

"आमचं?" ऋतिक हसला. "आमी डोंगरातली माणसं, ताई. समुद्र आजच बघितला."

घरी पोचला तर चप्पल काढायच्या आधी बायकोला सांगायला लागला. सोनल गावची आशाताई. कुठल्या घरात कोण आजारी, कोण पोटुशी, हे तिला तोंडपाठ.

"लई भारी हाय, सोनल! आपल्या गावाचं करायचं!"

"आपल्याकडं कुठं उधाण येतंय?"

"उधाण न्हाई येत. पण पावसात डोंगर सुटून खाली येतो की."

त्या पट्ट्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सोनलनं मोबाईल उचलला आणि म्हणाली, "चल शाळेवर." गावात रेंज मिळायची ती फक्त पठारावरच्या शाळेच्या गच्चीत.

पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली. साधन विचारत होतं, किनाऱ्यापासून घर किती लांब? धारवाडीला कुठला किनारा? शेवटी ऋतिकनं उज्ज्वलाताईंना फोन लावला. त्या खळखळून हसल्या.

"अहो, तुमचा ओढा हाच किनारा धरा. पाणी आणि उतार, एवढंच कळतं त्याला."

ओढ्याची रेघ ओढली आणि नकाशावर रंग पसरत गेला. शाळेचं पठार पांढरंच राहिलं. डोंगराच्या कुशीतली वरची आळी मात्र लालेलाल झाली, आणि त्या लालाच्या बरोबर मधोमध समाजमंदिर. जोराचा पाऊस लागला की सगळं गाव जिथं जाऊन बसायचं, तेच!

ग्रामसभेला ऋतिकनं शाळेचा प्रोजेक्टर मागून आणला, भिंतीला चादर बांधली. आपलं गाव चादरीवर उमटलेलं पाहून एकच गलका झाला. "ते बघ माझं घर!" "अरं, तो फणस दिसतोय!" लोक पुढं सरकून सरकून चादरीला चिकटले. मग ऋतिकनं समाजमंदिर दाखवलं, तसा गेणभाऊ उठला. गेणभाऊ जुना सरपंच, समाजमंदिर त्यानंच उभं केलेलं.

"त्या भिंतीत दगड मी माझ्या हातानं बसवल्यात. ती हलायची न्हाई."

"भिंत पक्कीच हाय, आबा. भिंतीमागचा डोंगर कच्चा हाय."

गेणभाऊ तरातरा निघून गेला. त्याची बायको लंकाबाई मात्र पुढं आली, तिनं आपल्या घरावर बोट टेकवलं.

"आमच्या टिंबात लिव, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, हट्ट लई हाय, दोघांनी धरून न्यावं."

सभा हसून लोटपोट झाली. पण कामं वाटली गेली. कुणी कुणाला न्यायचं ते ठरलं, पाऊस वाढला की शाळेत जायचं हेही ठरलं, आणि एक दिवस सगळ्या गावानं तशी तालीमही करून बघितली.

श्रावणात चार दिवस धार तुटली नाही. ऋतिक घोडेगावच्या स्टँडवर होता. दुपारी मोबाईल खणखणला, धारवाडीला धोक्याचा इशारा. त्यानं जीप चालू केली, तोच कळलं, वरचा रस्ता दरडीनं बंद. जीपमध्ये बसून त्यानं नकाशा उघडला. सगळी टिंबं लाल.

मग एक हिरवं झालं. माणसं शाळेत पोचली की गच्चीवरून सोनल त्या घराची खूण करत होती. आणखी एक हिरवं. मग चार एकदम!

"आली! माणसं आली!" ऋतिक ओरडला. अडकलेले प्रवासी जीपभोवती जमले, चहावालाही किटली घेऊन आला. टिंब हिरवं झालं की सगळे त्या घराचं नाव पुकारायचे. बघता बघता एकच लाल उरलं. गेणभाऊचं.

ऋतिकनं सोनलला फोन लावला. सोनल धापा टाकत होती. "लंकाकाकू आल्यात. आबा समाजमंदिरात जाऊन बसल्यात. ठरलेले दोघं, गोरख आणि रामनाथ, गेल्यात आणायला..." फोन तुटला.

सगळ्यांचे डोळे त्या एका टिंबावर.

टिंब हिरवं झालं.

स्टँडवर असा जल्लोष उठला की कंडक्टर धावत बाहेर आला. चहावाल्यानं सगळ्यांना चहा पाजला. तो पिऊन होतोय तोवर सोनलचा फोन आला. "डोंगर सुटला रं. समाजमंदिराची मागची भिंत गेली, आत चिखल भरलाय. पण माणसं सगळी हितं हायेत. सगळी!" ऋतिकनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडता रडता हसला.

दुसऱ्या दिवशी दरडीपर्यंत जीप नेऊन तो पुढं चिखल तुडवत वर गेला. शाळेच्या व्हरांड्यात गेणभाऊ घोंगडी पांघरून बसला होता. त्यानं ऋतिकला जवळ बोलावलं.

"नकाशात गोठे न्हाईत. जनावरं कुणी सोडायची ते ठरवलं न्हाई तुमी. ते भर आधी."

"भरतो, आबा."

"आणि पलीकडच्या वाडीला हे कुणी दाखवलंय का?"

"अजून न्हाई."

गेणभाऊनं काठी घेतली, घोंगडी डोक्यावर ओढली. "मग बसलायस काय? तुझं ऐकायची न्हाईत ती, माझं ऐकत्यात. चल!"

आणि ऋतिकनं पाण्याचा घोट घेईपर्यंत म्हातारा पावसात पाय उचलत फाटकापर्यंत पोचलाही होता.