पहिल्या नावाचा मान

गुरुवारी सकाळी मोठे सर तिला "अहो मावशी, बसा ना" म्हणाले, तेव्हाच मावशी सावध झाली. एकोणीस वर्षं ती विज्ञान महाविद्यालयाच्या रसायन विभागात प्रयोगाच्या काचा धूत होती. एकोणीस वर्षांत विभागप्रमुखांच्या खोलीत तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं. खुर्च्या नव्हत्या असं नाही. चांगल्या सहा होत्या.

ओले हात पदराला पुसत ती अर्ध्या खुर्चीवर टेकली. उरलेली अर्धी महाविद्यालयाची म्हणून सोडली.

मोठे सर माणूस गोड. त्यांनी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. एखाद्याचं वाटोळं करायचं झालं तरी ते अशा मायेनं करत, की तो माणूस आभार मानून घरी जाई आणि रडायला दुसऱ्या दिवशी बसे.

"शनिवारी आपला गौरव समारंभ आहे, माहीत आहे ना?"

"हो सर. खुर्च्या पुसायला सांगितल्यात."

"खुर्च्या दुसरं कुणी पुसेल. यंदा तुमचाच सत्कार आहे. निष्ठावान कर्मचारी. मानपत्र आणि भिंतीवरचं घड्याळ."

मावशीला आनंद व्हायला हवा होता. पण गरिबाच्या घरी अचानक पाहुणा आला की आधी तो कशाला आला असेल हेच मनात येतं. तिनं वाट पाहिली. सरांनी एक कागद पुढे सरकवला. मोठ्या ठळक अक्षरांत दोन वाक्यं होती.

"घड्याळ घेतलं की माइकवर एवढं म्हणायचं. वाचता येतं ना तुम्हाला?"

"सातवी झालेय सर."

"मग झालं तर."

मावशीनं वाचलं. 'धाकट्या सरांना मी तीन वर्षं दिवसरात्र प्रयोगशाळेत राबताना पाहिलं आहे. या पदकावर त्यांचाच हक्क आहे.'

तिनं मान वर केली तेव्हा मोठ्या सरांनी टेबलाचा कप्पा उघडला होता. आत एक टाइप केलेला आदेश होता. मावशी एकोणीस वर्षं दर सहा महिन्यांनी नवा हुकूम घेऊन कामावर यायची. हा आदेश तिला कायम करणारा होता. फक्त सही नव्हती.

"सोमवारी करून टाकतो," सर म्हणाले आणि त्यांनी कप्पा बंद केला. मोठे सर धमकी कधीच देत नसत. कप्पा उघडत आणि बंद करत.

आता या विभागाची रीत सांगायला हवी, नाहीतर गोष्ट कळायची नाही. संशोधन विद्यार्थ्यानं करायचं, जागरणं त्यानं करायची, हात त्यानं भाजून घ्यायचे. पण ते छापून यायचं झालं की पहिलं नाव मोठ्या सरांचं, किंवा मोठे सर म्हणतील त्याचं. याला 'पहिल्या नावाचा मान' म्हणत. नियम कुठेही लिहिलेला नव्हता. सुनेनं सगळ्यांच्या मागून जेवावं हेही कुठल्या कायद्यात लिहिलेलं नसतं. तरी वर्षानुवर्षं ती मागून जेवते, आणि पुढे स्वतः सासू झाली की नव्या सुनेला पातेलं खरवडायला देते.

यंदा मात्र रीत जरा पुढे गेली होती. विभागात एक मुलगी होती. सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. तिनं तीन वर्षं खपून एक पूड तयार केली. ती पाण्यातलं शिसं धरून ठेवायची. लेख छापून आला तेव्हा पहिलं नाव धाकट्या सरांचं होतं. धाकटे सर म्हणजे मोठ्या सरांचा पुतण्या. मुंगीचं नाव शेवटी होतं. शनिवारच्या पदकाच्या अर्जात तर ते शेवटीही नव्हतं. मुंगीनं विद्यापीठाकडे तक्रार केली. चारच दिवसांत तिच्या नोंदवह्या 'तपासणीसाठी' मागवून घेतल्या गेल्या. त्या कुठे तपासल्या जात होत्या ते कुणालाच सांगता येईना.

वह्या गेल्या. राहिली मावशी. कारण प्रयोगशाळेत कोण काम करतं आणि कोण नुसता कोट घालून फिरतो, हे काचा धुणाऱ्या बाईइतकं कुणालाच ठाऊक नसतं. प्रत्येकाचा एक ट्रे असे. वापरलेल्या नळ्या, चंबू, पेले त्यात ठेवायचे आणि मावशीनं धुवायचे. मुंगीचा ट्रे रोज दोनदा भरायचा. तळाशी चिकटलेला करडा थर काढताना मावशीच्या बोटांची सालं निघत. धाकट्या सरांच्या ट्रेवर धूळ बसे. मावशी ती पुसायची.

मावशी मोरीशी परतली तेव्हा मुंगी तिथेच उभी होती.

"मावशी, तुम्हाला कशाला बोलावलं होतं?"

"खुर्च्यांचं सांगायला."

मुंगीनं ते खरं मानलं. खोटं बोलण्यापेक्षा समोरच्यानं ते खरं मानणं जास्त लागतं. मावशीनं नळ मोठा सोडला.

"मला पत्र आलंय," मुंगी म्हणाली. "शनिवारपर्यंत तक्रार मागे घेतली नाही तर माझी नोंदणीच रद्द. तीन वर्षं पाण्यात."

"घरी सांगितलंस?"

"आई म्हणेल, एवढ्या मोठ्या माणसाशी भांडायला तू कोण लागून गेलीस."

"आया तेच म्हणतात," मावशी म्हणाली. तिच्या हातातला चंबू निसटता निसटता राहिला.

संध्याकाळी घरी तिनं कागद काढला. नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून तो खिडकीशी बसून साऱ्या गल्लीवर देखरेख करायचा. त्यानं वाक्यं दोनदा मोठ्यानं वाचली.

"दोनच तर आहेत. तुला बघायला आलो तेव्हा मी याहून जास्त खोटं बोललो होतो."

"ते मी अजून निस्तरतेय."

"हस. पण कायम झालीस तर म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. पोराच्या नोकरीचा भरवसा आहे का? आज आहे, उद्या नाही. अन् ती पोरगी आपली कोण?"

"कुणी नाही."

"मग?"

सून कढईत झारा फिरवत होती. मागे न वळता म्हणाली, "आई, त्या धाकट्या सरांच्या काचा किती धुतल्या असतील तुम्ही?"

"एकही नाही."

"मग काय पाहिलं म्हणणार?"

"तू कढईकडे बघ," सासरे म्हणाले.

"तिच्याकडेच बघतेय मामंजी. आठवीत माझी शाळा सोडवली ना, तेव्हाही घरात सगळे हेच म्हणत होते. एवढंच तर आहे."

जेवणं उरकली. मावशीनं कागदाची घडी करून ती पदराच्या गाठीत बांधली. तिला मोठ्या सरांची भीती वाटत होती, हे खरं. पण त्याहून जास्त भीती एका गोष्टीची होती. ती वाक्यं आपल्याला जमतील. सहज जमतील. आणि सोमवारी मुंगीचा ट्रे रिकामा असेल.

शनिवारी सभागृह गच्च भरलं. व्यासपीठामागे मोठा फलक होता. त्यावर 'विद्यार्थी व प्राध्यापकांच्या यशाचा सोहळा' असं लिहिलं होतं आणि खाली धाकट्या सरांचा फोटो. फोटोत त्यांनी एक चंबू उजेडात धरला होता. तो रिकामा होता, हे फक्त मावशीच्या लक्षात आलं.

प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा आले आणि वेळेचं महत्त्व यावर बोलले. मग गौरव सुरू झाले. एका विद्यार्थ्यानं झाडाच्या सालीखाली राहणारा नवा किडा शोधून काढला होता. त्याला चार टाळ्या मिळाल्या. एका बाईंनी वर्षात चाळीस कार्यशाळांना हजेरी लावली होती, त्यांना किड्यापेक्षा जास्त. धाकट्या सरांच्या गळ्यात पदक पडलं तेव्हा तर छप्पर उडायचं बाकी होतं. टाळ्यांचं हे एक बरं असतं. पहिले दोघे वाजवू लागले की बाकीच्यांना कारण लागत नाही.

मावशी बाजूच्या रांगेत बसली होती. मागे वळून पाहिलं तर अगदी शेवटी, दाराशी मुंगी उभी होती. तिच्या हातात एक लिफाफा होता. आत तक्रार मागे घेतल्याचं पत्र असणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"आणि आता," सूत्रसंचालक म्हणाले, "आपल्या सर्वांच्या लाडक्या मावशी."

लाडक्या मावशी पायऱ्या चढताना एकदा अडखळल्या. घड्याळ हातात आलं. ते चालू होतं आणि त्याची टिकटिक तिला थेट छातीत ऐकू येत होती. माइक तोंडापेक्षा उंच होता. कुणी तो खाली केला नाही. तिनं टाचा उचलल्या.

कागद तिच्या मुठीत होता. तिनं तो उघडलाच नाही. उघडला असता तर वाचला असता.

"मी एकोणीस वर्षं काचा धुते," ती म्हणाली. आवाज कुठल्यातरी लहान मुलीचा निघाला. "धाकट्या सरांची काच मी कधी धुतली नाही. त्यांनी कधी घाण केलीच नाही. ते सगळं काम त्या मुलीचं आहे."

आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

मावशीला क्षणभर कळेचना. मग कळलं. कुणी ऐकलंच नव्हतं. समोरची रांग फोन पाहत होती, मधल्या रांगा चहाची वाट पाहत होत्या. मोठे सर पाहुण्यांच्या कानाशी लागले होते, आणि बोलता बोलता तेही टाळ्या वाजवत होते. धाकटे सर हसून मान डोलावत होते.

"किती साधे शब्द," सूत्रसंचालक म्हणाले, "किती मनापासून. धन्यवाद मावशी."

म्हणजे सुटका झाली होती. खरं बोलून झालं होतं, देव असलाच तर त्यानं ऐकलं होतं, आणि सोमवारी सहीही झाली असती. घड्याळ घेऊन खाली उतरायचं, एवढंच उरलं होतं. पायऱ्या चार होत्या. तिचे पाय तिकडे वळलेसुद्धा.

मागच्या दाराशी एकटी मुंगी टाळ्या वाजवत नव्हती. तिनं ऐकलं होतं. तिनं एकटीनंच ऐकलं होतं, आणि ती मान हलवत होती. नको मावशी, अशी.

माणूस एकदा धीर करतो तो कसाबसा. त्याच कामासाठी दुसऱ्यांदा धीर करायचा म्हणजे सोसायचं काय आहे हे पुरतं ठाऊक असताना करायचा. तिनं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि पुन्हा टाचा उचलल्या.

"टाळ्या वाजवू नका," ती म्हणाली. "ऐका."

या एका वाक्यानं चहा विसरला गेला. समारंभात टाळ्या नको म्हणणारा माणूस आजवर कुणी पाहिला नव्हता. ती थांबली. पंख्याचा आवाज येऊ लागला तेव्हा तिनं सगळं परत सांगितलं. करडा थर सांगितला, धूळ सांगितली, कागदावरची दोन वाक्यं वाचून दाखवली आणि ती कुणी दिली तेही सांगितलं. "माझ्या कायमच्या नोकरीचा कागद सरांच्या कप्प्यात आहे," ती शेवटी म्हणाली. "मला फार भीती वाटते. पण कागदावरचं हे मी पाहिलेलं नाही."

मोठे सर उठले. हसतच होते. "मावशींची तब्येत बरी दिसत नाही. कुणीतरी पाणी द्या."

पाणी द्यायला तिसऱ्या रांगेतून चष्मेवाले सर उठले. ते याच विभागात शिकले आणि आता इथेच शिकवत होते. पेला त्यांच्या हातात होता, पण ते जागचे हलले नाहीत.

"अकरा वर्षांपूर्वी माझं पहिलं नाव घेतलं," ते म्हणाले. माइक नव्हता तरी शेवटपर्यंत ऐकू गेलं. "मी गप्प बसलो. म्हटलं, रीत आहे." मग त्यांनी पेला खाली ठेवला. "आणि गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याचं मी घेतलं."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. आभारप्रदर्शन झालं नाही. पाहुणे वेळेवर निघाले.

सोमवारी विद्यापीठातून तीन माणसं चौकशीला आली. लेखी निवेदन हवं म्हणाली. हवेतल्या बोलण्यावर काही करता येत नाही. चष्मेवाल्या सरांनी तिथेच बसून निवेदन लिहिलं, मुंगीच्या वह्यांचं आणि गेल्या अकरा वर्षांच्या सगळ्या लेखांचं. ते मोरीशेजारच्या टेबलावर ठेवलं. ज्यांना जे ठाऊक असेल त्यांनी सही करावी, असं ठरलं.

दुपारपर्यंत पाच सह्या झाल्या. वरच्या ओळी मोकळ्याच. चष्मेवाल्यांनी स्वतःची सही मधोमध केली होती. बाकीचे तिच्याखाली, एकमेकांच्या आडोशाला जमले होते. ज्या विभागात वर्षानुवर्षं पहिल्या नावासाठी माणसं झुरली, तिथे या एका कागदावरची पहिली ओळ कुणालाच नको होती.

मावशीनं हात पुसले. तिचा सहा महिन्यांचा हुकूम संपायला सतरा दिवस होते आणि नवा येईल असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. घरी नवरा दोन दिवस बोलला नव्हता. सुनेनं सकाळी डबा भरून दिला होता, रोजच्यापेक्षा जड.

"कुठे करू?" तिनं विचारलं.

"कुठेही करा मावशी," मुंगी म्हणाली. "खाली जागा आहे."

मावशीनं कागद जवळ ओढला. पेन घट्ट धरून तिनं वरच्या मोकळ्या ओळीवर आपलं पूर्ण नाव लिहिलं. सावकाश, काना-मात्रा न चुकवता. मग ती भरलेल्या ट्रेकडे वळली.

कागद अजून त्या टेबलावरच आहे. सह्या सहा आहेत, आणि विभागात माणसं एकतीस.