सुलोचनेचं मत

मिलचा भोंगा कायमचा बंद झाला तेव्हा इंदूरचे कोंबडे आठवडाभर आरवले नाहीत, म्हणजे बघा. जयवंताची नोकरी गेली आणि दुपारच्या वेळी तो बायकोला, सुलोचनेला, घेऊन अन्नपूर्णा मंदिराजवळच्या सायबर कॅफेत माफिया खेळायला जाऊ लागला. सात खेळाडू, त्यांत दोन छुपे माफिया. बाकीच्यांनी चॅटवर मतं देऊन त्यांना हुडकून काढायचं.

एके दिवशी डाव चालू असताना जयवंत पडलेली मतं तपासत बसला. सुलोचनेनं प्रत्येक फेरीत पुष्करला वाचवलं होतं. पुष्कर म्हणजे त्यांचा शेजारी, नव्या कंपनीत लागलेला, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून ऐटीत खेळणारा. जयवंत असा जळला की कॅफेतला पंखासुद्धा गरम हवा फेकू लागला.

"ही त्यालाच का जपते?" त्यानं सरळ चॅटवर लिहिलं.

"भिया, सही पकडा!" कॅफेवाल्या पियुषनं गल्ल्यावरून इंदुरी थाटात टाइप केलं. "दोघंच माफिया असणार!"

मतं पडली, दोघंही एकामागोमाग बाद झाले आणि बाकीचे जिंकले. पियुषनं येऊन जयवंताची पाठ थोपटली.

सुलोचना शेजारच्या केबिनमधून हसत आली. "अहो, जोडीदाराला वाचवावंच लागतं. जिंकलात ना? मग तोंड का पाडलंय?"

"काल माफियांत तुझा जोडीदार मी होतो. पहिल्याच फेरीत माझ्याविरुद्ध मत दिलंस."

"तुम्ही आल्या आल्या 'मी माफिया नाही' असं लिहिलंत! तुम्हाला ब्रह्मदेवानंही वाचवलं नसतं."

"तरी," जयवंत म्हणाला, "एक फेरी थांबायचं होतंस."