पाद्रीच्या पोटातलं पाणी

कालिओवाचे दोन दात मी पाडले आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. आधीच सांगून टाकते, कारण गावातले लोक माझ्या तोंडून तेवढंच ऐकायला टपलेले असतात. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

विद्यापीठात मी गुरांचं शास्त्र शिकत होते. दुसऱ्या वर्षी सुट्टीत घरी आले तेव्हा वर्गात ऐकलेलं सगळं बाबांच्या डोक्यात भरलं. कोरड्या दिवसांत गवताची काडी होते, तिच्यात काही सत्त्व उरत नाही, तुम्ही सुबाभूळ लावा. बाबांनी माझ्या शब्दावर डोंगराची अख्खी उतरण सुबाभळीने भरून टाकली. झाडं वाढली, गुरं पाल्यावर तुटून पडली, आणि महिनाभरात त्यांच्या शेपट्यांचे केस झडले. मग लाळ गळायला लागली, गळ्याशी गाठी आल्या. पाल्यात विष असतं हे मला तिसऱ्या वर्षी शिकवलं. मी काय करू? दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात नव्हतं. गावात चेष्टा सुरू झाली की इलाइतियाची उनाइसी, म्हणजे मी, गुरांना टक्कल पाडायचं शिकून आली. बाबा सकाळी उठून सहा गुरांच्या शेपट्या बघायचे आणि चहा न घेता कुंपणाच्या कामाला जायचे.

उपाय होता. काही गुरांच्या पोटात ते विष खाणारे जंतू असतात. तसा एक बैल आमच्या सरांनी ऑस्ट्रेलियाहून बोटीने मागवला होता, साऱ्या देशात तेवढा एकच. त्याच्या डाव्या कुशीला भोक पाडून रबराचं बूच बसवलेलं होतं. बूच काढायचं, कोपरापर्यंत हात घालायचा, पोटातलं गरम पाणी थर्मासात भरायचं आणि दुसऱ्या गुराच्या घशात नळीने सोडायचं. जंतू एकदा आत शिरले की तिथेच ठाण मांडतात, मग ते जनावर जन्मभर सुबाभूळ खाऊन पचवतं. पाणी मात्र गरम असतानाच घ्यायला हवं आणि वाऱ्याला लागता कामा नये. शेवटच्या वर्षाच्या प्रयोगासाठी मी सरांच्या मागे तीन महिने लागले, तेव्हा कुठे बैल माझ्या गावी आला. रवंथ करताना तो असा गंभीर चेहरा करायचा की मी त्याचं नाव पाद्री ठेवलं.

सरांची अट एकच होती. आधी एकवीस दिवस सहाही गुरांच्या नोंदी घ्यायच्या, मगच पाणी पाजायचं. एकवीस दिवस सोमवारी भरत होते. गुरुवारी आई म्हणाली, आजच पाज गं, फेस गाळतायत बिचारी. मी तिला म्हटलं, तुला यातलं काय कळतंय. शुक्रवारी आमचे थोरले आजोबा वारले.

शनिवारी बेटावरचे तौवू आले. आमचं आणि त्यांचं मूळ दैवत एक, म्हणून हे नातं. तौवूने घरात शिरावं, हाताला लागेल ते उचलावं, आईबापावरून शिव्या द्याव्यात, मयताच्या घरीही लोकांना हसवून सोडावं, आणि समोरच्याने रागवायचं नाही. मारामारी तर बापजन्मात कोणी केली नव्हती. आम्हीही त्यांच्या बेटावर जाऊन डुकरं मारून खाल्ली आहेत, मीच खाल्ली आहेत. त्यांचा म्होरक्या कालिओवा, दाराएवढा रुंद माणूस. आल्या आल्या त्याने शोकाच्या चटईवर लोळण घेऊन आजोबांच्या नावाने असा गळा काढला की रडणाऱ्या बायका हसायला लागल्या.

जेवणासाठी बाबांनी दोन गोऱ्हे बांधून ठेवले होते. मी पडवीत अळूचे कंद सोलत होते. तेवढ्यात गोठ्याकडून हशा ऐकू आला, आणि हशाच्या मध्येच एक हंबरडा. तो पाद्रीचा होता. सुरी हातातून टाकली आणि धावत सुटले.

त्यांनी गोऱ्हे सोडून त्याला आंब्याच्या बुंध्याला आखूड बांधलं होतं. कालिओवाने बूच उपटून डोक्यावर टोपीसारखं धरलं होतं आणि एक हात भोकात घालून तो ओरडून सांगत होता, "अरे, याला तर खिडकी आहे! आतून शिजलाय का बघतो." दुसऱ्याच्या हातात कुऱ्हाड होती. पहिला घाव चुकून डोळ्यावर बसला होता. डोळा गालावर लोंबत होता. पाद्री गुडघ्यांवर आला, दोरीला हिसके देत पुन्हा उठला, आणि प्रत्येक हिसक्याला त्याच्या कुशीतून हिरवं पाणी भसकन बाहेर उडत होतं. ते त्यांच्या अंगावर पडत होतं आणि ते हसत होते. मी थांबा म्हणून ओरडले. दुसरा घाव कपाळावर बसला. हाड फुटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मग कालिओवाने गळ्यावर सुरा ओढला आणि रक्त माझ्या पायांपर्यंत आलं.

कुंपणाचा एक खुंट सैल होता. तो मी कधी उपटला मला आठवत नाही. पहिला फटका त्याच्या तोंडावर मारला. तो खाली बसला, रक्ताबरोबर दोन दात थुंकला आणि हसला. त्याला हसावंच लागणार होतं, तौवू तो. त्या हसण्याने माझं डोकं आणखी फिरलं. दुसरा फटका मनगटावर मारला, मनगट मोडलं. तिसरा खांद्यावर. कुऱ्हाडवाला मला धरायला आला, त्याच्या दंडाला मी दात रोवले, मांस तोंडात येईपर्यंत. आता कोणी हसत नव्हतं. तरी त्यांच्यातल्या एकानेही माझ्यावर हात उगारला नाही. हात उगारला तो माझ्या बापाने. केसांना धरून मला खाली पाडलं आणि कानशिलात अशी दिली की तो कान आठवडाभर वाजत होता. बाबांनी मला आयुष्यात पहिल्यांदा मारलं.

"मयताच्या दारात तौवूला मारलंस," ते म्हणाले.

मग माफीची तयारी सुरू झाली. माफी मागताना समोरच्याला द्यायचा देवमाशाचा दात घरातून काढला. कालिओवाचा हात फळीला बांधून त्याला चटईवर बसवलं. बाबा त्याच्यासमोर गुडघ्यांवर, मी बाबांच्या मागे, मान खाली. दोन्हीकडचे म्हातारे आळीपाळीने बोलायला लागले. आधी पूर्वज, मग दैवत, मग गलबतं कुठल्या किनाऱ्याला लागली ते. घाई करायची नसते. मध्ये उठायचं तर नसतंच, उठलात की माफी फिसकटली आणि वैर पुढच्या पिढीत गेलं.

माझे हात मांडीवर होते. त्यांना हिरव्या पाण्याचा वास येत होता, आंबूस आणि ऊबदार. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. बैल मेला होता, पोट मेलं नव्हतं. खाटीकखान्यातून असंच पाणी आणतात, आम्ही वर्गात आणलं होतं. चांगला तासभर जंतू टिकतात. थर्मास गोठ्याच्या खुंटीला लटकत होता, इथून चाळीस पावलांवर. सहा गुरांना दोन थर्मास पुरले असते. मी खुंट उचलण्याऐवजी थर्मास उचलला असता तर एव्हाना सगळं आटोपलं असतं, कालिओवाच्या तोंडात त्याचे सगळे दात असते आणि मी नंतर हवं तेवढं रडले असते.

"बाबा," मी कुजबुजले. "पोटातलं पाणी. मला दहा मिनिटं जाऊ द्या. आपली गुरं वाचतील."

त्यांनी मागे हात घालून माझी मान चटईला टेकवली. "गुरांसाठीच मारलंस ना? आता गप बस."

म्हातारे बोलत राहिले. चटईची वीण माझ्या कपाळात रुतत होती. अंगणात मांस तोडण्याचे घाव ऐकू येत होते आणि प्रत्येक घावाला मी मनात म्हणत होते, पोटाला हात लावू नका, एवढं पोट राहू द्या. शेवटी कालिओवाने चांगल्या हाताने देवमाशाचा दात स्वीकारला. तोंड सुजलेलं, शब्द धड फुटत नव्हते.

"आमच्यात राग नाही," तो म्हणाला. "हिने मारलं, तेही घरातलंच. बैलाचं जे हवं ते हिने मागून घ्यावं."

"पोट," मी म्हणाले.

त्याने लगेच हाक दिली की पोट मुलीचं आहे, कोणी वाटून घेऊ नका. समेटाची म्हणून पितात ती यांगोनाच्या मुळीच्या पेयाची वाटी फिरेपर्यंत कशीबशी बसले आणि मग उठून गोठ्याकडे पळाले, थर्मास घेतला, आंब्याखाली गेले. तिथे कातडं होतं, मुंडकं होतं, माशा होत्या. पोट नव्हतं. बायका आतडी घेऊन नदीवर गेल्या होत्या.

नदीत गुडघाभर पाण्यात आई उभी होती. तिच्या खालच्या अंगाला पाणी पार वळणापर्यंत हिरवं झालेलं होतं आणि त्यात लहान मासे तुटून पडले होते. पोट उलटं करून तिने दगडावर घासलं होतं. मला थर्माससकट बघून ती जरा घाबरली, मग तिने ते दोन्ही हातांनी वर धरून मला दाखवलं. टॉवेलसारखं पांढरंशुभ्र.

"तुझं आहे म्हणून ओरडला ना तो? मला इथवर ऐकू आलं," ती म्हणाली. "बघ, तीनदा धुतलंय. आत काही म्हणून ठेवलं नाही."